टिक् वाजलं का?

मुलांनो, आधी एक कोडं घालते.

एक गाडी आहे. तिच्या दाराची काच बटणावर चालते. बटण वर ओढलं की काच वर जाते. पण खाली करायचं बटण दाबलं, तर काच ढिम्म! दार जोरात आपटलं तर कधीतरी खाली येते आणि मग वर मात्र निमूटपणे जाते. तर सांगा पाहू, बिघडलंय काय?

थांबा, उत्तर लगेच देऊ नका. मी घाईघाईनं दिलं होतं, ते साफ चुकलं. मी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वांद्र्याला पूर्वेला, खेरवाडीत राहते. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. "मोटर गेली असेल," मी ठोकून दिलं. आणि गंमत म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातही आम्हाला हेच उत्तर मिळालं. "मोटर बदला. चार हजार रुपये."

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो टुरिस्ट टॅक्सी चालवतो. हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे चार हजार म्हणजे त्याच्या पोटात गोळाच आला. "जाऊ दे ताई," तो म्हणाला. "एसी आहे गाडीला. काच उघडायची गरजच काय?"

आई आत भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "ती काच उघडेपर्यंत मी तुझ्या गाडीत बसणार नाही. आणि पाऊस लागला की तूही गाडी बाहेर काढायची नाहीस. सांगून ठेवते."

भाऊ हसणार होता. पण आईनं भिंतीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

आमच्या देवघराशेजारी एक खिळा आहे. त्याला गाडीचं एक जुनं हँडल टांगलेलं आहे. काच वरखाली करायला पूर्वी दाराच्या आतून फिरवायचं असे ना, तेच. आता त्या हँडलाची गोष्ट सांगते.

आमचे बाबा काळीपिवळी टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी. आपल्या कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार झालेली. तुमच्यातल्या लहानांनी ती पाहिली नसेल, कारण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. त्या गाडीत बटणं कसली! हँडल गरगर फिरवायचं, की आत दातेरी चाकं फिरायची आणि काच खाली उतरायची. बाबांच्या गाडीतलं हँडल तर सैल झालेलं. कधी कधी हातातच यायचं. मग बाबा ते पुन्हा खोचायचे आणि फिरवायचे.

२६ जुलै २००५. मी तेव्हा नववीत होते. तुमच्या आईबाबांना विचारा, त्या दिवशी ते कुठे होते. प्रत्येक मुंबईकराजवळ त्या दिवसाची एक गोष्ट असते. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे जवळजवळ एक मीटर! आणि त्याच वेळी कुलाब्याला पाऊस होता जेमतेम ७४ मिलिमीटर. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांमधून निघालेल्या माणसांना पुढे उपनगरांत काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती. पवई आणि विहार तलावांकडून येणारी मिठी नदी आपल्या वांद्र्याजवळून माहीमच्या खाडीला मिळते. भरतीमुळे तिचं पाणी समुद्रात जाईना. ते वांद्रे-कुर्ला संकुलात आणि कलानगरात पसरलं.

बाबा कुर्ल्याकडून कलानगरच्या दिशेनं येत होते. घर अगदी हाकेच्या अंतरावर आणि गाडी बंद पडली. पाणी चढत चढत सीटपर्यंत आलं. बाबांनी दार ढकललं. दार उघडेना! खांद्यानं धक्के दिले, तरी उघडेना.

का बरं उघडेना? गणित करून पाहू. समजा, दार एक मीटर रुंद आहे आणि बाहेर पाणी अर्धा मीटर चढलंय. आत मात्र अजून पाणी नाही. पाण्याचा रेटा वर कमी, खाली जास्त; म्हणून सरासरी खोली घ्यायची पाव मीटर. १ × ०.५ × ०.२५ म्हणजे ०.१२५ घनमीटर. म्हणजे १२५ लिटर पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे दारावर बाहेरून सव्वाशे किलोंचा भार! पोतंभर नव्हे, चांगली दोन पोती गहू दाराला टेकवून ठेवल्यासारखं. माणूस कितीही दणकट असला, तरी सीटवर बसल्या बसल्या तो भार ढकलणं महाकठीण.

मग बाबांनी हँडल धरलं आणि गरगर फिरवलं. काच खाली गेली. बाबा खिडकीतून बाहेर पडले आणि रस्त्याच्या मधल्या कठड्याला धरून धरून चालू लागले. पहाटे घरी पोचले तेव्हा ते नुसते थरथरत होते. आईनं त्यांचा शर्ट काढला, तर खिशात ते हँडल! काच उघडताना हातात आलं होतं आणि त्यांनी ते तसंच खिशात टाकलं होतं. ते खिळ्यावर टांगलं ते आजतागायत.

पण त्या दिवशी सगळेच असे सुटले नाहीत. बंद गाड्यांमध्ये अडकून मुंबईत काही माणसं दगावली. दारं उघडली नाहीत, काचा उतरल्या नाहीत. आईच्या मनात तेच होतं. आमच्यासाठी ती एक बिघडलेली काच होती. आईसाठी ती बंद झालेली वाट होती.

आता काच दुरुस्त करणं भागच होतं. भाऊ म्हणाला, "चाचांना दाखवू."

चाचा हे बाबांच्या वेळचे गाड्यांच्या वायरिंगचे कारागीर. मूळचे रत्नागिरीकडचे. आता सत्तरी ओलांडली, दुकान मुलाकडे दिलं, पण दुकानाबाहेर स्टुलावर बसलेले असतात. गाडी उभी केल्या केल्या भाऊ म्हणाला, "चाचा, मोटर गेलीय."

चाचा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "काच वर कोण नेतं?"

"मोटर."

"खाली कोण आणतं?"

"मोटरच."

"दोन मोटरी आहेत का दारात?"

"नाही. एकच."

"मग वर नेणारी जिवंत आणि खाली आणणारी मेली, हे कसं झालं?"

मुलांनो, मी तोंडात बोट घातलं! एवढी साधी गोष्ट! खेळण्यातल्या मोटरशी तुम्ही खेळला असाल. सेलच्या दोन तारा जोडल्या की ती फिरते. त्याच तारांची अदलाबदल केली की उलटी फिरते. मोटर तीच, फक्त विजेची दिशा बदलली. गाडीच्या काचेचंही तसंच. मोटर एका दिशेनं व्यवस्थित फिरते, म्हणजे मोटर ठीक. तिला वीज पोचते, म्हणजे बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. काच न अडकता वर जाते, म्हणजे काच सरकवणारा पत्राही ठीक. चाचांनी एका पान्यालाही हात न लावता चार संशयितांना सोडून दिलं होतं!

मग चाचा गाडीत जाऊन बसले. चावी फिरवली, सगळ्यांना गप्प केलं आणि दाराला कान लावला. बटण वर ओढलं. टिक्! काचेनं वरच्या रबराला टेकून 'घुर्र' केलं. मग बटण खाली दाबलं. काहीच नाही. टिक् सुद्धा नाही.

"बाई, टिक् वाजलं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही वाजलं."

"मग आता कुठे बघायचं ते कळलं."

हे टिक् कसलं? तुम्ही शाळेत लोखंडी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून विद्युतचुंबक केला असेल. वीज सोडली की खिळा टाचण्या ओढतो, वीज थांबवली की सोडतो. अगदी तस्साच छोटा विद्युतचुंबक एका चौकोनी डबीत बसवलेला असतो. त्याला म्हणतात रिले. आपण बटण दाबतो तेव्हा बटणातून थोडीशीच वीज या रिलेला जाते. रिले आतली पट्टी 'टिक्' करून ओढतो आणि मग मोटरकडे जाणारी मोठी वीज सुरू होते. म्हणजे बटण हुकूम सोडतं, रिले दरवाजा उघडतो आणि मोटर काम करते. या गाडीत असे दोन रिले होते. एक वर नेणारा, एक खाली आणणारा. खाली आणणारा टिक् म्हणत नव्हता. म्हणजे एक तर तो रिले बिघडला होता, नाहीतर त्याच्यापर्यंत हुकूमच पोचत नव्हता.

चाचांनी ड्रायव्हरच्या दाराचं बटणांचं झाकण उचकटलं. आत हिरवा सर्किट बोर्ड होता. सर्किट बोर्ड म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या चपट्या रेषा चिकटवलेली पाटी. एखाद्या शहराच्या नकाशासारखी दिसते. भावानं लगेच विचारलं, "नवा बोर्ड टाकू या का?"

"अरे, आधी आजार तर कळू दे," चाचा म्हणाले. "मुलगा खोकतो म्हणून कोणी मुलगा बदलतं का?"

त्यांनी मल्टिमीटर काढला. व्होल्ट मोजायचं ते यंत्र. मला म्हणाले, "बटण दाबून धरा." त्यांनी यंत्राची एक तार गाडीच्या लोखंडाला लावली आणि दुसरी बटणाजवळ. काटा बारा व्होल्टवर गेला. मग तांब्याच्या रेषेवरून ते हळूहळू पुढे सरकू लागले. इथे बारा. इथे बारा. इथेही बारा. रेषा जिथं रिलेच्या पायापाशी संपते, तिथंही बारा. मग त्यांनी टोक रिलेच्या पायावर टेकवलं आणि काटा शून्यावर पडला!

रेष आणि पाय यांच्यात अंतर केसाएवढंही नव्हतं. पण एका बाजूला बारा आणि दुसऱ्या बाजूला शून्य. चाचांनी मला भिंग दिलं. म्हणाले, "बघा. मास्तरणीचे डोळे आहेत, चूक लगेच सापडेल."

आणि सापडली! रिलेचा पाय बोर्डाला ज्या सोल्डरनं जोडलेला होता, त्या चकचकीत टिकलीभोवती एक बारीक काळं कडं होतं. बांगडीसारखं गोल. सोल्डरला तडा गेला होता. त्याच्या आसपास तांब्यावर हिरवट कळंक चढला होता. न घासलेल्या पितळी समईवर चढतो ना, तसा.

"दार दिवसातून किती वेळा आपटतोस?" चाचांनी भावाला विचारलं.

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "मोजलं नाही."

"आणि हे चिकट काय आहे?"

भावानं मान आणखी खाली घातली. "चहा. सिग्नलला सांडला होता. दिवाळीच्या सुमारास."

आता सगळा उलगडा झाला. रिले वजनानं जड. दार आपटलं की तो दर वेळी थोडासा हादरतो. असं करता करता त्याच्या पायाशी तडा गेला. साखरेच्या चहानं ओल धरून ठेवली आणि कळंक वाढला. आणि दार आपटल्यावर काच कधी कधी का उतरायची, तेही कळलं. धक्क्यानं तडा क्षणभर मिटायचा आणि वीज पलीकडे जायची. आम्ही त्याला काच दुरुस्त झाली असं समजत होतो. खरं तर प्रत्येक धक्क्यानं आम्ही तो तडा वाढवत होतो!

पुढचं काम अर्ध्या तासाचं. आधी बॅटरीची तार सोडवली. बोर्ड काढून दुकानातल्या टेबलावर नेला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं चहा आणि कळंक साफ केला आणि बोर्ड नीट वाळू दिला. मग तापलेल्या सोल्डरगननं जुनं सोल्डर वितळवून काढलं आणि नवं भरलं. आमची आजी फुटक्या भांड्याला डाख देऊन आणायची, तसंच. दुसऱ्या रिलेचे पायही चाचांनी पक्के केले. "आज याला तडा गेला, उद्या त्याला जाईल. दोघं एकाच दारात राहतात," ते म्हणाले.

बोर्ड बसवला. चावी फिरवली. बटण दाबलं.

टिक्! आणि काच सर्रकन खाली!

चाचांनी पैसे किती घेतले, माहीत आहे? दीडशे रुपये. आणि वर भावाला दम दिला, "दार हळू लाव. चहा बाहेर पी."

आता माझी एक गोष्ट कबूल करते. त्या रात्री मी वर्गाच्या वह्या तपासत होते. एका मुलानं ४८ गुणिले २७ केलं होतं आणि उत्तर लिहिलं होतं ४३२. बरोबर उत्तर १२९६. मी सवयीनं लाल पेन उचललं, आता अख्ख्या गणितावर मोठी फुली मारणार, तेवढ्यात चाचांचा आवाज कानात घुमला, "आधी आजार तर कळू दे."

मी पेन खाली ठेवलं आणि रेषेवरून चालत गेले. ४८ सत्ते ३३६. बरोबर. ४८ दुणे ९६. तेही बरोबर. पाढे पाठ होते, बेरीजही येत होती. चूक एकाच जागी होती. २७ मधला २ म्हणजे वीस. म्हणून ९६ नव्हे, ९६० लिहायला हवे होते. एक शून्य निसटलं होतं, बस्स! मी फुली मारली नाही. ९६ भोवती एक छोटं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं, 'इथपर्यंत छान. हा २ कुणाच्या घरात बसलाय?' दुसऱ्या दिवशी त्या मुलानं वही पाहिली आणि जागेवरूनच ओरडला, "बाई, दशकाच्या!"

डी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, आधी निदान, मग उपचार. परीक्षेत त्यावर मी पानभर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. पण किती मुलांच्या किती गणितांवर मी उभी-आडवी फुली मारली असेल! म्हणजे मीही 'मोटर बदला' म्हणणारीच. त्या मुलांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तुमचंही असंच होतं ना? एक गणित चुकलं की तुम्ही म्हणता, "मला गणितच येत नाही." कविता म्हणताना एका ओळीवर अडलात की, "माझं पाठांतरच वाईट." अरे, काच वर तर जातेय ना? मग मोटर जिवंत आहे! कुठपर्यंत बारा व्होल्ट येतात आणि कुठे शून्य होतात, तेवढं शोधा. जे येतं तिथून सुरुवात करा आणि एकेक पाऊल पुढे सरका. आणि आईबाबांनो, हे थोडं तुमच्यासाठीही बरं का! प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी टिक् कुठे वाजतं ते ऐका.

जाता जाता काही पक्क्या सूचना. या मात्र विसरायच्या नाहीत. गाडीच्या काचेच्या बटणांशी खेळायचं नाही. चढती काच बोटांना आणि मानेला अडकू शकते. म्हणूनच बऱ्याच नव्या गाड्यांत काच वर करायला बटण ओढावं लागतं, म्हणजे चुकून गुडघा पडला तर ती वर चढत नाही. बोर्ड उघडणं, सोल्डर करणं ही मोठ्यांची कामं. तुम्ही शेजारी उभं राहून बघा आणि प्रश्न विचारा.

आणि कधी गाडीत असताना पाणी चढू लागलं, तर मोठ्यांना सांगा: दाराशी झटत बसू नका. बॅटरी चालू आहे तोवर पहिल्यांदा काच खाली करा. पट्टे सोडा. खिडकीतून बाहेर पडा, लहानांना आधी काढा. काच उतरलीच नाही, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार हातोडीनं मारायचं. बहुतेक गाड्यांत बाजूची काच फुटून तिचे बारीक तुकडे होतात. समोरची मोठी काच मात्र तशी फुटत नाही. तिच्या दोन थरांमध्ये चिवट पडदा असतो. २००५ नंतर अनेक मुंबईकरांनी गाडीत अशी हातोडी ठेवायला सुरुवात केली. आमच्या भावानं आता ठेवलीय, अगदी हाताशी.

त्या रविवारी आम्ही सगळे माहीमला आत्याकडे निघालो. आई गाडीपाशी आली, पण आत बसली नाही. आधी तिनं भावाला काच खाली करायला लावली, मग वर, मग पुन्हा खाली. असं तीनदा. तिसऱ्यांदा काच उतरली तेव्हा ती बसली. बाबा मागच्या सीटवर होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या वेळी फिरवावं लागायचं." आई म्हणाली, "तुमचं तर हातात यायचं!" आणि सगळे हसलो.

भावानं दार लावलं. अगदी हळू.

तुमच्यासाठी एक गृहपाठ देते. घरात एखादी वस्तू बंद पडली असेल, टॉर्च असेल, खेळण्यातली गाडी असेल. मोठ्या माणसाला सोबत घ्या. ती टाकायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा. एकात लिहा 'काय चालतंय', दुसऱ्यात 'काय चालत नाही'. मग शोधा. आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा हं!